नदीकाठी पक्ष्यांची गर्दी. पण नदी निरोगी आहे का?

पुणेकरांचे सकाळचे फिरणे म्हटले की तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी ही नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. तथापि, शहराच्या मधून वाहणाऱ्या नद्यांचा काठही आता या दिनक्रमाचा भाग झाला आहे. डेक्कनजवळील नदीपात्रातील रस्ता, विठ्ठलवाडीचा परिसर, औंध-बाणेरकडील मुळेचा काठ आणि बंडगार्डन ते येरवडा-कल्याणीनगर हा पट्टा येथे सकाळी चालणारे आणि धावणारे नागरिक नियमित दिसतात. टेकडीपेक्षा येथे चढण कमी, रस्ता सरळ आणि शेजारी पाणी. त्या पाण्यावर हिवाळ्यात पक्ष्यांची इतकी वर्दळ असते की, पक्ष्यांची थोडी ओळख असणाऱ्याला तासाभरात वीस-पंचवीस जाती सहज मोजता याव्यात.

या दृश्यावरून एक निष्कर्ष हमखास काढला जातो. एवढे पक्षी येतात त्याअर्थी नदी अजून बरी असली पाहिजे, असे अनेकांना वाटते. त्याच वेळी नाकाला येणारा उग्र वास, पुलाखाली साठलेला फेस आणि काठावर अडकलेले प्लास्टिक नेमके उलटे सांगत असते. हा विरोधाभास वरवरचा आहे. पक्षी किती आहेत यापेक्षा कोणते आहेत आणि ते काय खात आहेत, हे पाहिले की डोळ्यांना दिसणारे दृश्य आणि नाकाला कळणारी वस्तुस्थिती यांचा मेळ बसतो. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. रोज त्याच काठाने धावणाऱ्याला ही नदी वाचता येते.

पाणी येते कोठून?

पुण्याच्या नदीकाठचे जीवन समजून घेण्यासाठी प्रथम पाण्याचा हिशेब पाहावा लागतो. मुठा नदीच्या खोऱ्यात पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणे आहेत. खडकवासल्याचे पाणी शहराला पिण्यासाठी आणि कालव्याने दौंड, इंदापूरकडील शेतीसाठी दिले जाते. मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. त्याचे पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली, कोकणाच्या बाजूला उतरविले जाते. पिंपरी-चिंचवडमधून येणारी पवना दापोडीजवळ मुळेला मिळते आणि पुढे मुळा व मुठा यांचा संगम होतो.

याचा अर्थ असा की, पावसाळ्याचे चार महिने सोडले तर धरणांखालील नदीत वरून येणारे ताजे पाणी फारच थोडे असते. उरलेल्या आठ महिन्यांत पात्रात जो प्रवाह दिसतो, त्याचा मोठा भाग शहरातील ओढे-नाले आणि सांडपाणी यांचा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी तयार केली. त्यापैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातील होते आणि त्यांत मुळा, मुठा व मुळा-मुठा या तिन्हींची नावे होती.

सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजविण्याचे काम जिवाणू करतात आणि त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. स्वच्छ पाण्यात, २५ अंश सेल्सिअस तापमानाला, लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. स्नानायोग्य पाण्यात तो किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. घाण वाढली की हे प्रमाण झपाट्याने घसरते. प्राणवायू जवळजवळ संपला की त्याच्याशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि त्यांच्या कामातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सडक्या अंड्यासारखा जो वास उन्हाळ्यात काठावर येतो, तो हाच. धावणाऱ्याच्या नाकाला आलेला हा वास म्हणजे एका परीने पाण्याच्या तपासणीचा अहवालच असतो.

शेकाट्याचे सुगीचे दिवस

अशा पाण्यात काही जीव मरतात, तर काहींचे फावते. तळाच्या काळ्या गाळात न चावणाऱ्या चिलटांच्या बारीक लाल अळ्या लाखोंच्या संख्येने वाढतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो. माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हेच द्रव्य अंगात असल्यामुळे, इतर कीटकांना गुदमरून टाकणाऱ्या पाण्यातही या अळ्या तग धरतात. स्पर्धक आणि शत्रू दोन्ही कमी झाल्याने त्यांची संख्या बेसुमार वाढते.

या अळ्यांवर ताव मारणारा पक्षी म्हणजे शेकाट्या. काळे पंख, पांढरे पोट, सुईसारखी काळी चोच आणि काठीसारखे लांब गुलाबी पाय, असे त्याचे रूप. पुण्याच्या नदीपात्रात उथळ पाण्यात शेकाट्यांचे थवे दिसणे ही नित्याची गोष्ट आहे. दिसायला हा पक्षी देखणा असला तरी त्याची मोठी संख्या हे सेंद्रिय प्रदूषणाचे लक्षण मानले जाते. शेकाट्या स्वच्छ पाण्यातही राहतो. परंतु एकाच ठिकाणी त्याचे शेकडो पक्षी आणि इतर विविधता जेमतेम, असे चित्र दिसले की तळाशी काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो.

थापट्या बदकाचेही असेच. त्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद असते आणि तिच्या कडांना बारीक कंगव्यासारखी जाळी असते. पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव आणि बिया तो टिपतो. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर शेवाळ व सूक्ष्म जीव पोसले जातात आणि उत्तरेकडून आलेल्या या पाहुण्याला ती आयती पंगत मिळते.

स्पर्शाने शिकार, नजरेने शिकार

नदीकाठच्या मोठ्या पक्ष्यांकडे पाहिले तर आणखी एक भेद लक्षात येतो. चित्रबलाक आपली पिवळी, किंचित वाकडी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात बुडवितो आणि मासा चोचीला लागताच ती मिटतो. चमचा हा पक्षी चपटी चोच पाण्यात उजवी-डावीकडे फिरवीत चालतो. शराटी लांब वाकडी चोच चिखलात खुपसून चाचपडतो. हे तिघेही मुख्यतः स्पर्शावर विसंबून शिकार करतात. पाणी गढूळ असो वा काळे, त्यांचे फारसे अडत नाही. शिवाय चिलापीसारखे बाहेरून आलेले मासे कमी प्राणवायूतही तग धरतात. त्यामुळे मासे खाणाऱ्या चित्रबलाकालाही या पाण्यात पोट भरता येते.

याउलट कवड्या खंड्याचे आहे. काळा-पांढरा कवडीदार अंगाचा हा धीवर पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत तरंगतो, खाली मासा दिसला की सरळ सूर मारतो. त्याला पाण्याच्या आतले दिसावे लागते. फेसाने झाकलेल्या किंवा जलपर्णीने भरलेल्या पात्रात त्याला उपाशी राहावे लागते. नदीवरून संथ उडत मासे टिपणाऱ्या नदी सुरयालाही मोकळे, नितळ पाणी हवे असते आणि अंडी घालण्यासाठी पात्रातील वाळूची निवांत बेटे लागतात. शहराच्या मध्यभागी यांपैकी काहीच उरलेले नाही.

येथे एक गफलत टाळायला हवी. निळे पंख, तपकिरी डोके आणि पांढरी छाती असलेला खंड्या शहरात सगळीकडे दिसतो. अगदी विजेच्या तारेवरही. तो मासे खातो तसेच नाकतोडे, सरडे, बेडूक आणि गोगलगायीही खातो. त्यामुळे तो नदीकाठी दिसला म्हणून पाण्यात मासे आहेत, असे म्हणता येत नाही. ‘खंड्या दिसला’ एवढ्या नोंदीपेक्षा कोणता खंड्या दिसला, ही नोंद अधिक मोलाची.

नदी पूर्वी कशी होती, याची लिखित साक्षही उपलब्ध आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनचे पक्षी आणि मासे यांची पद्धतशीर नोंद केली. १८३२ साली त्यांची पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर काही वर्षांनी माशांवरील लेखन. त्यांच्या माशांच्या नोंदींत मुळा-मुठेचाही समावेश आहे. त्या काळच्या याद्यांशी आजच्या नदीची तुलना केली तर शहरी पट्ट्यातून अनेक देशी मासे नाहीसे झाल्याचे अभ्यासकांना आढळते. मासे गेले की त्यांवर जगणारे पक्षी आणि पाण्यातील इतर शिकारीही मागोमाग जातात. धावताना दिसणाऱ्या थव्यांमुळे डोळ्यांना भरगच्च वाटणारी नदी प्रत्यक्षात निवडक सोशिक प्राण्यांची नदी होत गेली आहे.

पायांची उंची आणि पाण्याची खोली

पाण्याच्या गुणवत्तेइतकाच महत्त्वाचा आहे तो काठाचा आकार. नैसर्गिक काठ उतरता असतो. कोरडी गवताळ जमीन, मग ओला चिखल, मग बोटभर पाणी, मग घोटाभर, गुडघाभर आणि शेवटी खोल डोह. या प्रत्येक पायरीवर वेगळे पक्षी असतात. टिटवी कोरड्या खडकाळ जमिनीवर, धोबी चिखलाच्या कडेला, शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलविणारा तुतवार पाण्याच्या रेषेवर, शेकाट्या त्याच्या पुढे, बगळे आणि चित्रबलाक आणखी पुढे आणि पाणकावळा थेट डोहात बुडी मारून. कोणत्या पक्ष्याने कोठे चरायचे हे बहुतांशी त्याच्या पायांची आणि चोचीची लांबी ठरविते.

उतार काढून टाकला आणि त्याच्या जागी उभी भिंत आली की मधल्या साऱ्या पायऱ्या नाहीशा होतात. एका बाजूला फरसबंदी आणि दुसऱ्या बाजूला खोल पाणी, एवढेच उरते. बंधारा घालून पाणी अडविले की हा परिणाम वाढतो. कारण उथळ पट्टे बुडतात आणि वाहते पाणी संथ होते. अशा पाण्यात पाणकावळे राहू शकतात. तुतवार आणि शेकाट्या यांना मात्र उभे राहायलाही जागा उरत नाही.

काठावरील वनस्पतींचेही तसेच आहे. वाळुंज, करंज, उंबर यांसारखी झाडे, पाण्यालगतची शेरणीची झुडपे, लव्हाळे आणि पाणकणीस ही मंडळी पुराच्या पाण्यात वाकतात, बुडतात आणि पाणी ओसरताच पुन्हा उभी राहतात. त्यांची मुळे माती धरून ठेवतात आणि काठावरून येणाऱ्या पाण्यातील गाळ अडवितात. पाणकोंबडीला लपायला, सुगरणीला खोपा विणायला आणि मुंगसाला वावरायला हीच जागा लागते. धावणाऱ्याच्या नजरेला हे सारे ‘माजलेले रान’ वाटते. प्रत्यक्षात काठाचे बरेचसे जीवन या रानातच सामावलेले असते.

जलपर्णीचा मात्र या रानात समावेश करता येणार नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही तरंगती वनस्पती सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर फोफावते आणि अनुकूल परिस्थितीत साधारण दोन आठवड्यांत आपला पसारा दुप्पट करते. तिच्या गालिच्यावरून जांभळी पाणकोंबडी आरामात चालताना दिसते, म्हणून ती पक्ष्यांच्या सोयीची वाटते. पण खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, कुजणारी पाने उरलासुरला प्राणवायू खातात आणि डासांची पैदास वाढते ती वेगळीच. दरवर्षी यंत्रे लावून जलपर्णी काढली जाते आणि सांडपाणी सुरू असल्याने ती पुन्हा येते.

कोणत्या वेळी धावावे?

नदीकाठी धावणाऱ्यांमध्ये शक्य तितक्या लवकर निघण्याचा प्रघात आहे. हिवाळ्यात तो तपासून पाहण्याजोगा आहे. थंड हवा जड असते आणि रात्री ती उतारावरून वाहत नदीच्या खोलगट भागात साचते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो आणि झाकण ठेवल्यासारखी स्थिती निर्माण होते. कचरा व पालापाचोळा जाळल्याचा धूर आणि वाहनांचे प्रदूषण या झाकणाखाली अडकून पडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पात्रावर जो धुरकट पडदा दिसतो, त्यात धुके आणि धूर दोन्ही असतात. सूर्य वर आल्यावर जमीन तापते, हवा हलू लागते आणि हा पडदा विरतो. त्यामुळे ऐन हिवाळ्यात अंधारात धावण्यापेक्षा सूर्योदयानंतर तासाभराने निघणे छातीसाठी अधिक चांगले. पक्षी दिसण्याच्या दृष्टीनेही तीच वेळ सोयीची. उजेड पुरेसा असतो आणि पक्षी चरण्यात गुंतलेले असतात.

उजेडाचा आणखी एक उपयोग आहे. काठाच्या गवतात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. पाण्यात किंवा पाण्यालगत दिसणारी दिवड बिनविषारी असते आणि धामणही. घोणस मात्र अत्यंत विषारी असून ती गवतात व पाचोळ्यात निपचित पडून राहते. कुकरच्या शिटीसारखा तिचा मोठा फूत्कार ऐकू आला तर जागीच थांबून मागे सरावे. पायवाट सोडून गवतात न शिरणे आणि अंधारात विजेरी वापरणे एवढ्या साध्या गोष्टींनी धोका बराच टळतो. सर्पदंश झालाच तर हालचाल कमीत कमी ठेवून तातडीने रुग्णालय गाठणे हाच उपाय. चिरा देणे, चोखणे किंवा घट्ट आवळून बांधणे यांनी अपायच होतो.

पावसाळ्यात तर नदीकाठ हा नदीचाच असतो. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पाऊस आणि खडकवासल्यातून सोडलेले पाणी यांमुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले होते. विसर्गाचा इशारा असेल त्या दिवशी पात्रातील रस्त्यावर उतरू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

धावणाऱ्यामुळे पक्ष्यांना त्रास होतो का, हा प्रश्नही विचारला जातो. ठरलेल्या वाटेने, एका वेगाने, समांतर जाणाऱ्या माणसाला काठचे पक्षी सरावतात. थांबून रोखून पाहणारा किंवा थेट त्यांच्या दिशेने चालत येणारा माणूस त्यांना अधिक धोक्याचा वाटतो. त्यामुळे छायाचित्रासाठी पाण्यापर्यंत उतरणाऱ्यापेक्षा वाटेवरून निमूट धावणाऱ्याला पक्षी जास्त जवळून दिसतात. मोकळे सोडलेले पाळीव कुत्रे हा मात्र खरा उपद्रव आहे. मार्चपासून टिटवी पात्रातील खडीत, उघड्या जमिनीवर अंडी घालते. अंड्यांचा रंग दगडांशी इतका मिळताजुळता असतो की पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. टिटवीचे ओरडणे अशुभ मानण्याची रीत आहे. प्रत्यक्षात त्या ओरडण्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, माणूस तिच्या घरट्याजवळ आला आहे आणि त्याने दूर व्हावे.

काठाचा आराखडा

या साऱ्या माहितीला आज एक व्यावहारिक महत्त्व आहे. पुणे महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली. सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीपट्ट्याचा त्यात विचार आहे. काठाने सलग पदपथ व सायकलमार्ग, घाट, उद्याने आणि पुरापासून संरक्षण असे त्याचे स्वरूप सांगण्यात आले असून बंडगार्डन परिसरात त्याचा काही भाग प्रत्यक्ष उभा राहिला आहे. नागरिकांना नदीपर्यंत पोहोचता आले, तिच्याकडे पाठ फिरविण्याची सवय मोडली, तर नदीविषयी आस्था वाढेल, हा प्रकल्पाच्या बाजूचा युक्तिवाद आहे आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

दुसऱ्या बाजूला, काठावरील झाडे तुटतील, उथळ पट्टे व पाणथळ जागा भरावाखाली जातील आणि पात्राची रुंदी घटून पुराचा धोका वाढेल, असा आक्षेप पर्यावरण क्षेत्रात काम करणाऱ्यांनी घेतला. २९ एप्रिल २०२३ रोजी वृक्षतोडीच्या विरोधात मोठ्या संख्येने नागरिक रस्त्यावर उतरले होते. सांडपाणी आधी की सुशोभीकरण आधी, हाही वादाचा मुद्दा आहे. जपानी संस्थेच्या अर्थसाह्याने सांडपाणी शुद्धीकरणाची ११ केंद्रे उभारण्याच्या प्रकल्पाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. एकूण ३९६ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेच्या या कामाची मूळ मुदत उलटून गेल्यानंतरही ते काही वर्षे सुरूच राहिले.

माणसाची वाट आणि पक्ष्यांचा काठ एकत्र नांदू शकत नाहीत, असे मात्र नाही. सिंगापूरमध्ये बिशान उद्यानातून कलांग नदी २.७ किलोमीटर लांबीच्या सरळ काँक्रीट कालव्यातून वाहत होती. ते काँक्रीट काढून तिला सुमारे ३.२ किलोमीटरचे वळणदार, गवताळ काठांचे पात्र देण्यात आले आणि २०१२ साली हे उद्यान खुले झाले. पूर आला की उद्यानाचा सखल भाग पाण्याखाली जावा आणि नंतर मोकळा व्हावा, अशीच त्याची रचना आहे. पुढे तेथे पाणमांजरांचे कुटुंब वस्तीला आले आणि धावणाऱ्या नागरिकांना ते नित्य दिसू लागले. जर्मनीतील म्युनिक शहरात २००० ते २०११ या काळात ईझार नदीच्या ८ किलोमीटर पट्ट्यातील बांधीव काठ मोडून तेथे खडीचे उतरते काठ परत आणण्यात आले. ही शहरे पुण्यापेक्षा श्रीमंत आहेत आणि तेथील हवामानही निराळे, हे खरे. पण वाट पाण्यापासून काही अंतर राखून न्यावी, मध्ये झाडोऱ्याचा पडदा ठेवावा, उतार तसाच राहू द्यावा आणि काही भाग रात्री अंधारा ठेवावा, या गोष्टींना भिंती बांधण्याइतका खर्च येत नाही. मातीची वाट धावणाऱ्याच्या गुडघ्यांनाही काँक्रीटपेक्षा मऊ लागते.

धावणाऱ्याची वही

पक्ष्यांच्या अभ्यासात एकच मार्ग, तीच वेळ आणि तीच पद्धत पुन्हा पुन्हा वापरून केलेल्या नोंदींना मोठी किंमत असते; कारण त्यांची एकमेकींशी तुलना करता येते. नियमित धावणारा माणूस हे सारे नकळत पाळत असतो. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ सालचा अहवाल सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला होता. त्यात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला आणि १७८ जातींना संवर्धनात प्राधान्य द्यावे, असे सुचविण्यात आले. या नोंदींपैकी असंख्य नोंदी नोकरी-व्यवसाय सांभाळून सकाळी बाहेर पडणाऱ्या सामान्य माणसांच्या आहेत.

त्यासाठी सगळे पक्षी ओळखता येण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा, एकाच एक किलोमीटरच्या पट्ट्यात चार गोष्टी टिपल्या तरी पुरे : शेकाटे किती, कवड्या खंड्या दिसला का, तुतवार पाण्याच्या कडेला आहे का, आणि पाण्याला वास होता का. सोबत जलपर्णी व फेस यांची नोंद ठेवली तर उत्तम. धोबी सप्टेंबरच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्याआधी परततात. त्यांच्या आगमनाची तारीख दरवर्षी लिहून ठेवली तरी काही वर्षांत त्यातून काही सांगता येईल.

हे पाणी पुण्याच्या हद्दीत संपत नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात. त्या जलाशयाच्या फुगवट्यावर, भिगवणला, रोहित पक्षी पाहण्यासाठी पुण्याहून हिवाळ्यात गाड्या भरून लोक जातात आणि त्याच उजनीतून सोलापूर शहराला पिण्याचे पाणी मिळते. पुण्याच्या पुलाखालचा फेस आणि सोलापूरच्या घरातला नळ हे एकाच प्रवाहावर आहेत.

शुद्धीकरण केंद्रे पूर्ण क्षमतेने चालू लागली आणि नाल्यांचे पाणी खरोखर त्यांच्यापर्यंत पोहोचले, तर काठावरील दृश्यही बदलू लागेल. तो बदल सुरुवातीला निराशाजनक वाटण्याची शक्यता आहे. गाळातील लाल अळ्या कमी झाल्या की शेकाट्यांचे मोठे थवे पांगतील, थापटे कमी दिसतील आणि ‘पूर्वी इथे किती पक्षी असत’ अशी हळहळ कोणी तरी व्यक्त करील. त्या वेळी वहीत वर्षानुवर्षांची नोंद असेल, तर तिच्यात एकेका ओळीने परतलेला कवड्या खंड्याही सापडेल.